पानावरचा आडवा हात

चामराजपेटेतल्या एका घरात, चपला काढायच्या जागी, भिंतीवर एका माणसाची तसबीर होती. चांगली सागवानी चौकट, काच, वर पितळी कडी. आत सुटातले एक गृहस्थ. तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला, एक बोट हवेत, आणि डाव्या गालाचे चौकोनी तुकडे होऊन कानाकडे सरकलेले. नवखा पाहुणा चप्पल काढताना हमखास दचकायचा. एका म्हाताऱ्या बाईंनी तर, घरातलं कोणी अपघातात गेलं असावं असं समजून, तसबिरीला हात जोडले होते. तेव्हा अंबूअक्का आतून शांतपणे म्हणाल्या होत्या, "नाही ओ, जिवंत आहेत. म्हणूनच चपलांजवळ ठेवलंय."

ते गृहस्थ म्हणजे डॉक्टर गद्रे, आमचे साहेब. ते आता कुठं असतात मला ठाऊक नाही आणि चौकशी करायची इच्छाही नाही. हे मी अंबूअक्कांबद्दल लिहितो आहे. पण लिहिता लिहिता डॉक्टरांना दोन टोले बसले तर मला वाईट वाटणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. एक टोला माझ्याही वाट्याचा आहे. तो मी चुकवणार नाही.

अंबूअक्का म्हणजे अंबुजाबाई लाड. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर बेंगळुरूकडे आले आणि परत जायचं विसरले. घरात मराठी, दारात कन्नड, आणि दोन्हींच्या मधे उंबऱ्यावर जे काही साचेल ते अक्कांच्या तोंडी. मी पुण्याहून नोकरीला आलो तेव्हा त्या पंचेचाळिशीच्या असतील. बुटक्या, काटक, मनगटावरच्या घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला, आणि पदराला सेफ्टी पिनेनं अडकवलेली पेन्सिल. कन्नड शाळा, मग पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, मग टेलिफोनच्या एका कारखान्यात तपासणी विभागात पुष्कळ वर्षं. तिथून त्या आमच्या छोट्या कंपनीत आल्या. कंपनी बसवनगुडीत, एका भांड्यांच्या दुकानाच्या वर. खाली स्टीलचे डबे आपटले की वर आमचे पडदे थरथरायचे.

डॉक्टर गद्रेही मूळचे पुण्याचेच, पण अमेरिकेत काही वर्षं काढून आलेले. त्यांना अक्कांच्या मराठीची भारी गंमत वाटायची. "अक्का, हे मराठी नाही, हे सांबार आहे," असं ते चारचौघांत म्हणायचे. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी हसलो होतो. मोठ्यानं हसलो होतो. अक्का हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी नुसतं एकदा डॉक्टरांकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि पेन्सिल पदराला परत अडकवली.

अक्कांचं वैर हे शिस्तीचं काम होतं. ते मला कळलं गांधीबझारातल्या पेरूवाल्यामुळं. अक्का रोज सकाळी बसमधून उतरून चालत ऑफिसला यायच्या. वाटेत एका ठरावीक गाडीसमोर थांबायच्या, त्यातला सगळ्यात सुरेख पेरू उचलायच्या, हुंगायच्या, अदबीनं परत जागेवर ठेवायच्या आणि शेजारच्या गाडीवरून पेरू घ्यायच्या. मी एकदा बरोबर होतो. त्या माणसाचं तोंड बघवत नव्हतं. मी कारण विचारलं. त्यानं पूर्वी कधीतरी पिशवीत तळाला किडके पेरू घातले होते. एवढ्यावरून? तर अक्का म्हणाल्या, "एका किडक्या पेरूवरनं कोण वैर धरतंय? माणूस म्हटल्यावर चुकतंय. मागचं आठ वेळचं बघायचं, सरासरी काढायची, मग ठरवायचं."

त्यांनी आठ वेळचं पाहिलं होतं. आठव्यांदा त्या "सरी" म्हणाल्या होत्या. बेंगळुरूत सरी हा शब्द दिवसातून शंभरदा कानावर पडतो, म्हणजे ठीक आहे, बरं, चालेल. रिक्षावाला म्हणतो, इस्त्रीवाला म्हणतो. अक्का मात्र तो जपून वापरायच्या. एखाद्या माणसाचा निकाल लागला की त्या "सरी" म्हणायच्या, आणि मग त्या माणसाची काही खैर नसायची. पेरूवाल्याला हा प्रकार सहा वर्षं भोगावा लागला. शेवटी कंटाळून त्यानं पेरू सोडून केळी विकायला घेतली. दुसऱ्या दिवसापासून अक्का केळी दाबून बघायला लागल्या.

मी बेंगळुरूत आल्यावर महिन्याभरात त्यांनी मला जेवायला बोलावलं. त्यांचे यजमान तुकोजीराव, सगळे त्यांना अण्णा म्हणत, चामराजपेटेतच तसबिरी मढवायचं दुकान चालवायचे. अतिशय गरीब स्वभावाचा माणूस. घरात केळीची पानं मांडलेली, भात, सारू म्हणजे तिकडचं पातळ आमटीसारखं, कोशिंबीर, होळगी म्हणजे आपली पोळी पुरणाची. अक्का स्वतः वाढत होत्या. भातावर सारूची एक पळी पडली आणि मी रीतीप्रमाणे पानावर हात आडवा केला. आपल्याकडे हा हात कुणी मनावर घेत नाही. पाहुण्यानं नको म्हणायचं, यजमानानं 'घ्या हो, लाजता काय' म्हणत वाढायचं, हे ठरलेलंच असतं. अक्का मात्र थांबल्या आणि पुढच्या पानाकडे गेल्या. होळगीला तेच. भाताला तेच. त्या दिवशी मी पुरणपोळीच्या घरातून उपाशी उठलो आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात उभ्याउभ्या चार इडल्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनीच विषय काढला. काल उपाशी गेलात ना, म्हणाल्या. मी म्हटलं, मग वाढलं का नाही? "हात आडवा होता तुमचा," त्या म्हणाल्या. "हात खोटं बोलला तर ते तुमचं. मी हात बघून वाढणार."

त्यामागचं कारण त्यांनी पुष्कळ दिवसांनी सांगितलं. त्यांचे वडील गोविंदराव, भिडस्त माणूस. अंगात साखर शिरलेली, गोडाला सक्त मनाई. एका लग्नात व्याह्यांनी आग्रह मांडला. गोविंदराव दोन्ही हात पानावर आडवे धरून बसले होते आणि वाढणाऱ्यानं हसत हसत त्यांच्या बोटांवरून पाक ओतला. सगळी पंगत हसली. मग भिडेपोटी ते खात गेले. त्याच वर्षी ते गेले. औषध देणारे डॉक्टर म्हणाले, एका जेवणानं कोणी जात नाही. अक्का तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या आणि पंगतीत समोरच बसल्या होत्या. त्यांनी त्या एका वाढप्याशी नव्हे, आग्रह या गोष्टीशीच वैर धरलं. "वाढणाऱ्याला काय कळतंय?" त्या म्हणायच्या. "पोट कुणाचं, त्याला विचारा."

आता आमच्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण अक्कांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट त्यातच घडली. शहराच्या टोकाला पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत पंप तयार करणारा एक कारखाना होता. तिथल्या नव्या कामगारांना बसवनगुडीतून शिकवायचं, असं आमच्या कंपनीनं अंगावर घेतलं होतं. इथं एक मास्तर कॅमेऱ्यासमोर कानस कशी चालवायची ते दाखवणार आणि तिथं शेडमधे टीव्हीवर मुलं ते पाहणार. मधे भाड्याची एक टेलिफोन लाइन. आज हे कुणालाही हसू येईल इतकं सोपं वाटतं. तेव्हा त्या लाइनवरून हलतं चित्र पाठवणं म्हणजे सुईच्या नेढ्यातून दोरखंड ओवण्यासारखं होतं.

चित्राचे बारीक तुकडे करून, एकेका पाकिटात घालून ते पाठवायचे, अशी रीत. लाइनवर गर्दी झाली की काही पाकिटं वाटेत गळतात. एखादं गळालं की पाठवणारं यंत्र घाबरून आपला वेग एकदम निम्मा करायचं, मग हळूहळू वाढवत न्यायचं, परत गळालं की परत निम्मा. नुसती पत्रं किंवा फायली पाठवायच्या असतील तर यानं काही बिघडत नाही. चित्राला मात्र उचक्या लागतात. मास्तरांची कानस अर्ध्यावर थबकायची आणि मग एकदम पलीकडच्या टोकाला दिसायची. मधे काय झालं ते मुलांना कळायचंच नाही. कानस तर मधेच शिकायची असते.

डॉक्टर गद्र्यांनी यावर चार महिने अमेरिकन पुस्तकं उघडली आणि मिटली. अक्का एकदा शेडमधे उभ्या राहून टीव्ही बघत होत्या. म्हणाल्या, "हे यंत्र डोळे मिटून वाढतंय. सांडलं की घाबरतंय. जेवणाऱ्याला विचारा की."

एवढंच. पण त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. तीन महिने त्या रोज पीण्याला जाऊन टीव्हीकडच्या, म्हणजे घेणाऱ्या यंत्राशेजारी वही घेऊन बसल्या. एक पाकीट गळाल्यापासून दुसरं गळेपर्यंत मधे किती नीट आली, ते टिपून ठेवायच्या. मग त्यांनी ठरवलं की निर्णय घेणाऱ्याकडे द्यायचा. घेणाऱ्या यंत्रानं मागच्या आठ खेपांची सरासरी काढायची, त्यावरून आज लाइन किती सोसेल ते ठरवायचं आणि पाठवणाऱ्याला सांगायचं, बाबा, एवढंच वाढ. एक पाकीट गळालं म्हणून लगेच हात आखडायचा नाही. सगळं सुरळीत असलं म्हणून एकदम जास्त मागायचंही नाही. पळीपळीनं वाढवायचं. 'पळी' हा त्यांच्या वहीतला शब्द होता. एका वेळी किती वाढवून मागायचं, ते माप.

मी ते त्यांच्याकडून समजून घेऊन यंत्रात उतरवलं. पहिल्या दिवशी चित्र किंचित धूसर होतं, पण मास्तरांची कानस या टोकापासून त्या टोकापर्यंत न थबकता गेली आणि परत आली. शेडमधल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. अक्कांनी घड्याळ बघितलं, वहीत वेळ लिहिली आणि डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं करून पाठ फिरवली. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या की परदेशातल्या परिषदेला हे पाठवायचं असेल तर त्यावर नाव असं घाला. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी ते इंग्रजीत, शाळेतल्या मुलीसारखं सावकाश अक्षर काढून लिहूनच ठेवलं होतं. अंबुजा गोविंदराव. लाड नाही, बापाचं नाव. "आयुष्यात दुसरं काही मागणार नाही मी कंपनीकडं," त्या म्हणाल्या.

त्यांना इंग्रजी लिहायला जड जायचं. पेपर मी लिहिला, त्यांच्या वहीवरून. वर नाव घातलं अंबुजा गोविंदराव, खाली डॉक्टरांचं, त्याखाली माझं. डॉक्टरांनी वाचला, खूश झाले, पेन काढलं आणि पहिलं नाव खोडलं. डिप्लोमावालीचं नाव पहिलं बघून परीक्षक हसतील, म्हणाले. मी म्हटलं, मग दुसरं घालू, तिसरं घालू. ते म्हणाले, "जोशी, आयडिया कोणाच्याही डोक्यात येते. तिला सायन्स कोण बनवतं? मी. तुझं नाव दोन नंबरला घेतोय. एनी प्रॉब्लेम?"

मी "नाही सर" म्हणालो. आज इतक्या वर्षांनी तो प्रसंग आठवताना मी मनातल्या मनात नाना उत्तरं देतो, टेबलावर मूठ आपटतो, राजीनामा तोंडावर फेकतो. त्या दिवशी मी "नाही सर" म्हणालो आणि दुरुस्त पान पुन्हा टाइप करायला बसलो. पेपरच्या शेवटी आभाराची एक ओळ होती. तिथं, मोजमापं टिपायला मदत केल्याबद्दल, 'श्रीमती अंबू' यांचे आभार मानलेले होते. ती ओळही मीच टाइप केली. आणि ही गोष्ट अक्कांना सांगितली नाही. पाच महिने रोज त्यांच्या डब्यातलं चित्रान्न, म्हणजे तिकडचा लिंबू पिळलेला फोडणीचा भात, खाल्लं आणि सांगितली नाही.

परिषदेचं जाडजूड पुस्तक आलं तेव्हा डॉक्टरांनी म्हैसूरपाक वाटला. पुस्तक हातोहात फिरत अक्कांकडे गेलं. त्यांनी हात पदराला पुसले, पान काढलं, वरची नावं वाचली. मग पानं उलटत शेवटी गेल्या आणि ती ओळ वाचली. बोट ठेवून वाचली. डॉक्टर म्हणाले, "अक्का, तुमचं पण नाव आहे बरं का शेवटी." अक्कांनी पुस्तक मिटलं, साहेबांच्या टेबलावर नीट ठेवलं आणि म्हणाल्या, "सरी."

खोलीत त्या शब्दाचा अर्थ फक्त मला कळला. पण अक्का माझ्याशी पूर्वीसारख्याच वागत राहिल्या. डबा पुढे करायच्या, "स्वल्प घ्या" म्हणायच्या, माझ्या मुलीच्या गणिताचं विचारायच्या. मी समजलो, यांना कळलंय की मी बिचारा हुकमाचा ताबेदार. माणूस स्वतःला किती झटकन माफ करतो.

मग पाहुण्यांचं प्रकरण निघालं. एका मोठ्या कंपनीची माणसं आमची पद्धत बघायला येणार होती. पसंत पडली तर त्यांच्या सगळ्या कारखान्यांत ती बसणार होती आणि डॉक्टर तिचे प्रमुख होणार होते. डॉक्टर स्वतः बसवनगुडीहून कॅमेऱ्यासमोर भाषण करणार आणि पाहुणे पीण्याच्या शेडमधे बसून ते बघणार, असा बेत ठरला. फक्त चित्र सुरुवातीला थोडा वेळ धूसर राहतं, हे डॉक्टरांना खटकत होतं. आपला चेहरा पहिल्या क्षणापासून लख्ख दिसला पाहिजे. पळी वाढवा, ते म्हणाले, एकदम आठपट करा. हे त्यांनी पूर्वीही तीनदा सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा अक्कांनी त्यांच्याशी भांडून ते होऊ दिलं नव्हतं. लाइन मोकळी असेल तोवर ठीक, पण गर्दी झाली की सगळं सांडेल, हे त्यांनी आकडे दाखवून पटवलं होतं.

या वेळी त्या भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "लिहून द्या साहेब. मला विसरायला होतंय."

डॉक्टरांनी कंपनीच्या कागदावर झोकात लिहून दिलं आणि खाली सही केली. अक्कांनी कागद वहीत ठेवला. मग डॉक्टरांनी विचारलं, किती वाजता ठेवू या? अक्का म्हणाल्या, साडेदहाला सुरू करा, अकरापर्यंत रंगात येईल.

पीण्यात तीन महिने बसलेल्या बाईला अकरा वाजता काय होतं ते पक्कं ठाऊक होतं. बरोबर अकराला कारखान्याचं ऑफिस आदल्या दिवसाच्या सगळ्या फायली त्याच लाइनवरून मुख्य कचेरीला पाठवायचं. ते मलाही ठाऊक होतं. मी अक्कांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी पुन्हा एकदा गप्प बसलो. फरक इतकाच की या वेळी मला मनातून आनंद झाला होता.

त्या दिवशी मी शेडमधे होतो. पाहुणे पाच जण, समोर मोठा टीव्ही, बाजूला घेणाऱ्या यंत्रापाशी अक्का हाताची घडी घालून उभ्या. इस्त्रीची साडी, पेन्सिल जागेवर. साडेदहाला डॉक्टर पडद्यावर आले, लख्ख, टायच्या रेघा मोजता येतील इतके. बोलले सुरेख. ही पद्धत आपल्याला कशी सुचली तेही सांगितलं. म्हणे अमेरिकेत एकदा हमरस्त्यावर गाडी चालवताना सुचली. अक्कांनी मनगट वळवून घड्याळ बघितलं.

अकरा वाजता डॉक्टरांचं तोंड एकदा हुकलं. मग सावरलं. आठपट पळीनं यंत्र भसाभस मागत सुटलं, लाइनवर फायलींची गर्दी, पाकिटं मुठीमुठीनं गळायला लागली. डॉक्टरांचा हात खाली गेला तो वर आलाच नाही, मग एकदम दोन हात दिसले. आवाज साध्या टेलिफोनवरून येत होता, तो धडधाकट. तो सांगत होता की आमच्या पद्धतीत चित्र कधीही थबकत नाही. आणि 'कधीही' म्हणताना ते थबकलं. तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला, बोट हवेत, गालाचे तुकडे कानाकडे. पाहुण्यांतला सगळ्यात तरुण माणूस खोकल्याच्या आड हसला. मग बाकीच्यांनी खोकल्याची तसदी घेतली नाही. बसवनगुडीत डॉक्टर बोलतच होते. मी मोजलं नाही, पण त्या मिनिटांचा एकेक क्षण मी चवीनं चाखला, हे कबूल करतो.

पाहुण्यांतल्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी अक्कांना कन्नडमधे विचारलं, हे दुरुस्त होईल का? अक्का म्हणाल्या, होईल, पण साहेबांची लेखी ऑर्डर आहे. त्यांनी वहीतून कागद काढून दाखवला. मग यंत्राकडे वळून पळी पूर्वीइतकी केली. चित्र आधी धूसर झालं, मग हललं, मग वाहायला लागलं. फायली चालूच होत्या, तरी थबकलं नाही. गृहस्थांनी विचारलं, हे कसं झालं? अक्कांनी त्यांना पंगत सांगितली, पान सांगितलं, आडवा हात सांगितला. ते दोन मिनिटांत समजले. त्यांच्या हातात आमचा छापील पेपर होता. त्यांनी तो पुढे धरला आणि विचारलं, "बाई, या दोन नावांतलं तुमचं कुठलं?"

"वर नाही. शेवटी, आभारात," अक्का म्हणाल्या. "दोन नंबरचे इथंच उभे आहेत."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अक्कांनी पाहिलं नाही, त्या यंत्राची वायर गुंडाळत होत्या. मी बूट बघत राहिलो.

पाहुणे परत आले नाहीत. डॉक्टर सहा महिन्यांत पुन्हा अमेरिकेला गेले. निरोपाला मी गेलो नाही. अक्कांनी तर पाहुणे आले त्याच संध्याकाळी राजीनामा दिला होता. पुढे त्या एका पॉलिटेक्निकमधे शिकवायला लागल्या. जाताना त्यांनी एकच गोष्ट बरोबर नेली. यंत्रानं थबकलेलं चित्र साठवून ठेवलं होतं, त्याची मोठी छापील प्रत. अण्णांनी ती मढवली. चौकट चांगली का घातली असं मी विचारलं तर अण्णा बिचारे म्हणाले, "ती म्हणाली, खूप वर्षं टिकायला पाहिजे."

नंतरच्या उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, अक्कांनी मला जेवायला बोलावलं. ती आमची शेवटची भेट. चपला काढताना डॉक्टरांच्या तसबिरीकडे बघून मी पोटभर हसलो आणि हलक्या मनानं आत गेलो. हिशेब मिटला होता, निदान मला तसं वाटलं. पानं मांडली होती, आठदहा माणसं होती. एव्हाना मी त्या घराची रीत शिकलो होतो. पुरेल तेवढं घ्यायचं आणि मगच हात आडवा करायचा, खरा.

भातावर सारूची पळी पडली. दुसरी पडली. मी पानावर हात आडवा केला.

अक्कांनी हात बघितला. नीट बघितला. आणि पळी माझ्या बोटांवर रिकामी केली. मग आणखी एक. कढत सारू बोटांच्या फटींतून भातात, मनगटावरून पानाबाहेर, सतरंजीवर. अण्णा अर्धवट उठत म्हणाले, "अगं, हात आहे त्यांचा."

"दिसतंय मला," अक्का म्हणाल्या. आणि माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, "तुम्हाला पण सगळं दिसत होतं जोशी. पाच महिने."

आयुष्यभर जिनं आडव्या हातावर एक थेंब पाडला नाही, जिचा बाप त्यानं गेला असं ती मानत होती, तिला माझ्यासाठी ते करावं लागलं. हात पोळला होता, फोड येईल इतका नाही. मला वाटतं तेही मोजलेलं होतं. मी हात पानावरून काढला नाही. तेवढं मात्र मला जमलं.

अक्कांनी भांडं खाली ठेवलं. आत जाऊन गार ताक आणलं, माझा हात आपल्या हातात धरून त्यावर ओतलं, ओल्या फडक्यानं बोटं एकेक करून पुसली. खराब पान उचलून नवं मांडलं. त्यावर मीठ वाढलं, कोशिंबीर वाढली, भात वाढला. सारूची एक पळी घातली आणि दुसरी भरून माझ्या पानावर धरली. "साकू?" त्यांनी विचारलं. पुरे का?

सगळी पंगत बघत होती. मी तो लाल झालेला हात उचलला आणि पानावर आडवा केला. पळी काठोकाठ भरलेली होती, वाफा येत होत्या. अक्का थांबल्या.